सोप्यातला मुक्काम

गेल्या फाल्गुनात कोल्हापुरात शुक्रवार पेठेतला एक वाडा उतरवला, तेव्हा मी तिथं होतो. लाकूड घ्यायला आलेला व्यापारी पोलादी टेप घेऊन सोप्यात फिरत होता. खांबाची उंची, मग जाडी, मग तोंडातल्या तोंडात गुणाकार, आणि घनफूट कागदावर. अठरा खांब, अकरा तुळया. कड्या तर त्यानं नुसत्या नजरेनं मोजल्या. तासाभरात हिशेब संपला.

माझ्याही हातात वही होती. त्याच वाड्याची माझ्याकडची नोंद अशी: तोंड पूर्वेला, दगडी जोतं कमरेएवढं, दारालगत देवडी, आत पाच खणांचा दुघई सोपा, पुढं चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंना पडवी, वर माडी. सोप्याच्या भिंतीत सात कोनाडे, सातही काजळीनं काळे. आणि डोक्याच्या उंचीवर ओळीनं ठोकलेल्या लाकडी खुंट्या, एकूण वीस. घरच्या माणसांना सोप्यात वीस खुंट्या लागत नाहीत. त्या उतारूंच्या गाठोड्यांसाठी होत्या.

मी सुताराच्या घरचा. आमच्या आजानं कोल्हापुरातल्या पेठांतून घरं उभी केली, वडिलांनी ती दुरुस्त केली. मी रंधा सोडून खडू धरला आणि शाळेत चित्रकला शिकवली, पण लाकडाची ओढ सुटली नाही. चाळीस वर्षं झाली, रविवारी सकाळी एखादा वाडा मोजायचा, कागदावर उतरवायचा, हे चालू आहे. सत्तावीस वह्या भरल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांच्या जागी आज दुसरंच काही उभं आहे. हे सगळं मोजताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसत गेली. लॉज, यात्री निवास, गेस्ट हाऊस यांच्या आधी कोल्हापूरनं पाहुण्याला जागा दिली ती लाकडाच्या सांगाड्यात. आणि ती किती द्यायची, कुठवर द्यायची, कुणाला द्यायची, हेही त्या सांगाड्यातच लिहिलेलं होतं.

करवीर, म्हणजे आमचं कोल्हापूर, हे मुक्कामाचं गाव. दत्तभक्तांची श्रद्धा अशी की दत्तगुरू स्नानाला काशीला जातात, दुपारच्या भिक्षेला करवीरला येतात आणि निद्रेला माहूरगडावर. म्हणजे देव इथं फक्त जेवायला येतो. माणसाला मात्र इथं रात्र काढावी लागे. अंबाबाईचं दर्शन, दुसऱ्या दिवशी जोतिबाचा डोंगर, कुणाला पुढं नृसिंहवाडी. बालाजी करून आलेल्यांची वारी अंबाबाईला आल्याशिवाय पुरी होत नाही असं मानणारे वेगळेच. शिवाय गुळाच्या गाड्या. आसपासच्या खेड्यातून गूळ घेऊन येणाऱ्या गाडीवानाला सौदा होईपर्यंत कुठंतरी पाठ टेकायची असे. गावाला तट होता, वेशी होत्या. तट गेला तरी गंगावेश अजून नावात आहे. वेशीच्या आत आलेल्या माणसाला दिवेलागणीला जागा मिळायची ती तीन ठिकाणी: देवळाच्या ओवरीत, धर्मशाळेत, नाहीतर कुणाच्या तरी सोप्यात. पुजारी-उपाध्यांच्या वाड्यांत ठरलेल्या गावांचे ठरलेले यात्रेकरू वर्षानुवर्षं उतरत. अडत्याच्या सोप्यात त्याच्या कुळांचे शेतकरी. जोतिबाच्या डोंगरावर आणि नृसिंहवाडीला पुजाऱ्यांच्या घरी यात्रेकरूनं उतरायची ही चाल आजही चालू आहे.

आता सोपा म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण पुण्याकडची माणसं ओसरी म्हणतात आणि आमचा सोपा त्याहून जरा खोल असतो.

आजा सगळ्यात आधी जोतं बघायचा. दगडी जोत्यावर जिथं जिथं खांब येणार तिथं तिथं एकेक तळखडा बसवायचा, म्हणजे घडीव दगडाची बैठक, वरून सपाट. खांब मातीत कधीच पुरायचा नाही. मातीतला खांब म्हणजे वाळवीला दिलेलं आमंत्रण, असं तो म्हणायचा. तळखड्यावर खांब नुसता उभा असतो, वरच्या वजनानं जागेवर बसलेला. खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना पसरलेला हस्त, त्याच्या टोकाला केळफुलाचा घाट. हस्तावर तुळई. तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या, तो कडीपाट. त्यावर माती घालून वरच्या माडीची जमीन. माडीवर पुन्हा खांब, पुन्हा तुळई, आणि शेवटी आढं, वासे, रिपा, कौलं. सांध्यात खिळा नाही. खांबाच्या डोक्याला काढलेली कूस हस्ताच्या खाचेत बसते आणि आरपार लाकडी खुंटी जाते. लोखंड पावसाळ्यात गंजतं आणि आपल्याबरोबर लाकडालाही खातं. खुंटी लाकडाबरोबर फुगते, लाकडाबरोबर आटते.

चांगल्या घरचा खांब सुरुदार असे. सुरूच्या झाडासारखा बुडाशी भरलेला, वर निमुळता होत जाणारा, पायाशी कमळाच्या पाकळ्या. भवानी मंडपात गेलात तर असे लाकडी खांब आणि त्यांच्यामधल्या महिरपी डोळे भरून बघता येतात. अंबाबाईच्या देवळातला गरुड मंडपही त्याच घराण्यातला, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचा, दाजी पंडितांच्या कारभारातला. देऊळ काळ्या दगडाचं, पण देवीची सदर भरायची तर लाकडाखालीच. दगडाच्या देवळात देवी राहते आणि लाकडाच्या मंडपात भेटायला येते, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे.

मुख्य लाकूड साग. तो हल्याळ-दांडेलीकडून यायचा. पण सगळं घर सागाचं करणं फार थोड्यांना परवडे. तुळयांना ऐन, वाशांना किंजळ, जिथं ओल लागेल तिथं जांभूळ, अशी वाटणी सुतार करत. हे सगळं सह्याद्रीचं, म्हणजे आमच्याच भुदरगड, राधानगरी, शाहूवाडीच्या रानातलं. आजाच्या वखारीत सागाचे ओंडके दोन-दोन, तीन-तीन पावसाळे पडून असत. घाई केलेलं लाकूड घरात गेल्यावर पिळवटतं.

या सगळ्या सांगाड्याला माप एकच, खण. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. आजाच्या हिशेबात सव्वातीन हात, पाच फुटांच्या जरा आत. आडव्या दिशेला दोन रांगांमधलं अंतर म्हणजे घई. खांबांच्या रांगेनं सोप्याचे दोन पट्टे पडले की तो दुघई, तीन पडले की तिघई. खण नेहमी विषम, तीन, पाच, सात. सम खण केले तर नेमका मधोमध खांब येतो आणि दारातून आत येणाऱ्याच्या तोंडावर उभा राहतो. विषम खणात मधला खण मोकळा मिळतो आणि दार तिथं उघडतं. लोक याला शुभ-अशुभ म्हणत. आजाला दोन्ही माहीत होतं, शुभ आणि कारण.

लहानपणी मी त्याच्याबरोबर कामावर जायचो. एकदा एका वाड्याच्या मालकिणीनं त्याला विचारलं, सोप्यात किती माणसं मावतील? यात्रा जवळ आली होती. आजानं टेप काढली नाही. खणांवरून नजर फिरवली आणि सांगितलं, "वैनी, एका खणात एका घईला दोन माणसं आडवी हुत्यात. पाच खण, दोन घया. ईस माणूस निवांत झोपंल." शुक्रवार पेठेतल्या त्या वीस खुंट्या बघितल्या तेव्हा मला हेच आठवलं. पाच खण, दोन घया, वीस खुंट्या. सुतारानं घर उभं करताना पाहुण्यांची मोजदाद करून ठेवली होती. त्या व्यापाऱ्याच्या घनफुटात हे कुठं बसणार?

आणि भिंत? भिंत वजन घेत नाही. हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे आणि हेच सगळे विसरले. पांढरीच्या मातीची, भेंड्यांची, विटांची, जशी ऐपत तशी भिंत खांबांच्या मधे आणि मागे भरायची. ती आडोसा आहे, घर नव्हे. गगनबावड्याकडं गेलात तर गरिबाच्या घरी कारवीच्या काठ्यांचा कूड असतो, वरून शेणमाती लिंपलेली. तोही तोच विचार: सांगाडा लाकडाचा, पोकळी जवळ जे मिळेल त्यानं भरायची.

१९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. घर करकरलं. बैलगाडी चढावर लागली की जसा आवाज येतो तसा आवाज माडीतून आला. भिंतीचा गिलावा ढासळून माझ्या वाकळेवर पडला. आम्ही सगळे चौकात धावलो, आजा मात्र सोप्यातच उभा होता, मधल्या खांबाला तळवा लावून. उजाडल्यावर मला म्हणाला, "पोरा, भितीकडं बघू नगंस, खांबाकडं बघ. भित पडली तर पुन्हा घालू." पुढं १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. तिथं दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद यांनी हजारो माणसं घेतली. पण ज्या घरांत माळवद भिंतीवर न टाकता आतल्या लाकडी खांबांवर टाकलेलं होतं, त्यातल्या अनेक घरांत भिंती बाहेर कोसळल्या आणि छप्पर खांबांवर तसंच राहिलं. इंजिनिअरांनी नंतर ते नोंदवलं. आमच्या आजाला ते नोंदवायची गरज पडली नव्हती.

पाण्याचंही तसंच. पंचगंगेला ४३ फूट ही धोक्याची पातळी; २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्या आधी २००५ चा पूर, नंतर २०२१ चा. एकदा पूर ओसरल्यावर मी शिरोळ तालुक्यातल्या एका गावी ओळखीच्या घरी गेलो. मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या. घराच्या जागी खांब, तुळया आणि वर कौलांचं पाखं एवढंच उभं. अंगणातून परड्यापर्यंत आरपार दिसत होतं. घरमालक रडत होते. त्यांना मी एवढंच म्हणालो की घर उभं आहे, आडोसा गेलाय. त्यांना ते पटलं नाही. सरकारी पंचनाम्यात घर पूर्ण पडलं असं लागलं, आणि मग खरोखरच उरलेलं पाडलं गेलं. त्यांचा निर्णय मी चूक म्हणणार नाही, त्यांना पैशाची गरज होती. पण त्या सागाच्या खांबांना शंभर वर्षांत काही झालं नव्हतं.

आता दुसरी बाजू, आणि ती मी टाळणार नाही, कारण लाकडावरच्या प्रेमापायी ती बाजूला ठेवणं खोटेपणाचं होईल.

रस्ता, मग कट्टा, मग देवडी, मग सोपा, मग माजघर, मग देवघर आणि चूल. वाडा असा थरांनी आत जातो. प्रत्येक थराला एक उंबरा आणि खांबांची एक रांग. कोण कुठल्या रांगेपर्यंत येऊ शकतो, हे कुठं लिहिलेलं नव्हतं आणि सगळ्यांना पाठ होतं. जातवाला पाहुणा सोप्यातून माजघरात जाई. ओळखीचा कुणबी यात्रेकरू सोप्याच्या पहिल्या घईत. गाडीवान कट्ट्यावर. आणि ज्यांना गावानं अस्पृश्य ठरवलं होतं त्यांना कट्टाही नव्हता. देवीची यात्रा त्यांचीही होती, मुक्काम मात्र वेशीबाहेर, झाडाखाली. आमचा आजा ज्या घरांची देवघरं घडवायचा, त्या देवघराच्या दाराला वास्तुशांतीनंतर त्याला हात लावता येत नसे. पटाशीनं ज्या चौकटीवर गणेशपट्टी कोरली, त्या चौकटीतून आत जायची त्याला मुभा नव्हती. तो याबद्दल कधी तक्रार करत नसे. तो फक्त सांगायचा, "आपण दुसऱ्या खांबापातूर." मला ते दुसऱ्या खांबापर्यंतचं अंतर अजून टोचतं.

धर्मशाळांतही हेच. धर्म नावात होता. म्हणून १९१९ साली शाहू महाराजांनी जो हुकूम काढला तो मला कोल्हापूरच्या वास्तूंच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा बदल वाटतो, कुठल्याही राजवाड्यापेक्षा मोठा. सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, विहिरी, पाणवठे इथं अस्पृश्य म्हणून कुणालाही अडवायचं नाही, असा तो हुकूम. एकही खांब न हलवता त्यानं धर्मशाळेचा नकाशा बदलला. कागदावर बदलला, प्रत्यक्षात हळूहळू, कुरकुरत, तरी बदलला.

आणि हुकूम पुरत नाही हे महाराजांना ठाऊक होतं. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर त्यांचं चहाचं हॉटेल निघालं, नाव सत्यसुधारक. महाराज आपली गाडी तिथं थांबवत, गंगारामच्या हातचा चहा घेत आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही द्यायला लावत. चहाची एक टपरीवजा जागा. तिच्यात कोरीव खांब असतील असं मला वाटत नाही. पण कोल्हापुरातल्या उतारूंच्या जागांचा इतिहास लिहायचा तर त्यात सत्यसुधारकचं पान आधी यायला हवं, मग आमच्या आजाच्या केळफुलांचं.

महाराजांच्याच काळात, त्या हुकमाच्याही आधी, मुक्कामाचा एक नवा प्रकार गावात आला, बोर्डिंग. १९०१ साली मराठा बोर्डिंग, पाठोपाठ जैन, मग मुस्लिम, लिंगायत, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क. खेड्यातलं पोर शिकायला आलं तर त्याला कुणाच्या सोप्यात माधुकरी मागत पडून राहावं लागू नये, ही त्यामागची तळमळ. दसरा चौकात उभं राहिलं तर आजही त्यातल्या कितीतरी बोर्डिंगांच्या इमारती एका फेरीत दिसतात. पोरगं वर्षभर राहणार, म्हणून सोप्याच्या जागी खोली आली. खोलीला दार आलं, दाराला आतून कडी. सोप्यात निजणाऱ्याला आतून कडी नसते. तो घरमालकाच्या भरवशावर निजतो.

खरं तर सोप्यातला मुक्काम संपवला तो रेल्वेनं. १८९१ साली मिरजेहून गाडी कोल्हापूरला आली, स्टेशन गावाच्या पूर्वेला. १८९५ ला शाहूपुरी वसली आणि गुळाचा सौदा तिकडं गेला. उतारूही तिकडंच उतरू लागला. पैसे द्यायचे, खोली घ्यायची, कुणाला जात सांगायची नाही, हे स्टेशन रोडवर आधी सोपं झालं. पेठांतले सोपे आधी भाडेकरूंनी भरले, मग वाटण्यांनी. मी मोजलेल्या वाड्यांत असा वाडा आहे की ज्याच्या पाच खणांच्या सोप्यात तीन भावांनी विटांच्या दोन भिंती घातल्या, आणि एक सुरुदार खांब अर्धा एकाच्या घरात, अर्धा दुसऱ्याच्या.

२०१६ साली धाकट्या मुलीकडं इंग्लंडला गेलो होतो. ग्लॉस्टर नावाच्या गावात ती नोकरीला होती. तिला माझी ओढ माहीत, म्हणून पहिल्याच आठवड्यात मला न्यू इनमध्ये घेऊन गेली. नाव न्यू, पण बांधणी १४५० च्या सुमाराची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी पावणेदोनशे वर्षं. तिथल्या तेव्हाच्या मठात दुसऱ्या एडवर्ड राजाची समाधी आहे, तिच्या दर्शनाला यात्रेकरू येत, आणि त्यांच्या मुक्कामासाठी मठानंच ही जागा बांधली. रस्त्यावरून गाडी जाईल एवढ्या बोळातून आत शिरलो आणि थबकलो. मधे चौक, चारी बाजूंना लाकडी खांब, वर लाकडी सज्जे, सज्ज्यावर खोल्यांची दारं. मुलीला म्हणालो, हा वाडा आहे. ती हसली, पण मी मनापासून म्हणत होतो.

तिथलं लाकूड ओक. त्यांचे सुतार ते ओलं असतानाच घडवत, आमच्या अगदी उलट. ओलं लाकूड वाळताना आकसतं आणि सांधा आणखी आवळून धरतं. म्हणून त्यांच्या जुन्या घरांच्या तुळया वाकलेल्या दिसतात आणि तरी पडत नाहीत. खांबांच्या मधली पोकळी काठ्यांच्या विणीनं भरायची आणि वर माती, शेण, गवताचा गिलावा. कूडच तो. सांध्यात खिळ्याऐवजी लाकडी खुंटी. जमिनीवर आधी सगळा सांगाडा जुळवून बघायचा, प्रत्येक तुकड्यावर पटाशीनं खूण घालायची, मग सोडवून जागेवर उभा करायचा. आमचा आजाही तुळयांना वाकसाच्या टोकानं रेघा मारायचा, एक रेघ, दोन रेघा, फुली. दोन सुतार, मधे सात समुद्र, आणि दोघांनाही एकच अक्कल सुचली, कारण लाकूड दोघांनाही तेच सांगत होतं.

फरक होता तो चौकाच्या वापरात. त्यांचा चौक गाडीघोड्यांचा, बाहेरच्यांचा. रस्त्यावरून सरळ आत, आणि पैसे देणाऱ्याला वरच्या मजल्यावर खोली. आमचा चौक घरच्या बायकांचा, तुळशीचा. बाहेरचा माणूस त्याच्या अलीकडं अडतो. त्यांच्याकडं पाहुणा गिऱ्हाईक होता, आमच्याकडं कुणाचा तरी कोणीतरी. त्यात माया होती आणि त्यातच दुसरा खांबही होता.

लाकडाचं खरं वैर आगीशी. लंडनच्या नदीपलीकडं साउथवर्कला जॉर्ज नावाची अशीच सराई आहे. ती १६७६ ला जळाली आणि पुढच्या वर्षी पुन्हा लाकडातच उभी केली. नंतर रेल्वे कंपनीनं तिच्या बाजू पाडल्या, आज चौकाची एकच बाजू शिल्लक आहे, आणि ती त्यांनी जिवापाड जपली आहे. आमचा शनिवारवाडा १८२८ ला जळाला, दगडी तट आणि जोती राहिली, वरचं सगळं लाकूड राख झालं. पुन्हा उभं करायला पेशवाई राहिली नव्हती. कोल्हापूरनं हे अलीकडंच बघितलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून शाहू महाराजांनी उभं केलेलं ते घर. प्रेक्षकाच्या आड एकही खांब येत नाही अशी त्याची रचना. मी खासबागेच्या बाजूला गर्दीत उभा होतो. माझ्या शेजारी एक म्हातारे नट खाली बसले आणि त्यांनी जमिनीला हात लावून नमस्कार केला. सगळं गाव जागं होतं. एका इमारतीसाठी एवढी माणसं रडताना मी दुसऱ्यांदा बघणार नाही.

पण पेठेतला वाडा जातो तेव्हा कुणी जागं राहत नाही. तो दुपारी जातो, टेम्पोतून. त्याचे खांब कुठल्या तरी रिसॉर्टच्या दारात शोभेला लागतात, खाली तळखडा नाही, वर तुळई नाही. वजन न घेणारा खांब बघितला की मला खुर्चीला बांधलेला माणूस आठवतो.

जपणं जमत नाही असंही नाही. गरुड मंडपाचे खांब बुडाशी कुजल्याचं लक्षात आलं, तेव्हा मंडप उतरवून त्याच घाटात सागवानातच पुन्हा उभा करायचं काम हाती घेतलं गेलं. लाकडी सांगाड्याचा हा गुण आहे: तो सोडवता येतो. एक खांब गेला तर तुळईला टेकू देऊन तेवढा खांब बदलता येतो, बूड कुजलं तर बुडाला नवा तुकडा सांधता येतो. हे करणारे हात कोल्हापुरात अजून आहेत, थोडे आहेत, पन्नाशीच्या पुढचे आहेत. त्यांना काम मिळालं तर त्यांची पोरं शिकतील.

प्रत्येक वाडा वाचावा असा माझा हट्ट नाही. पाच भावांच्या वाटणीत, गळक्या पाख्याखाली, एका न्हाणीवर कुणी संसार करावा असं मी कुणाला सांगू शकत नाही. पण तुमच्या घराचा सौदा ठरला असेल, तर टेम्पो यायच्या आधीच्या रविवारी एवढं करा. घरातली पोरं बरोबर घ्या, एक टेप आणि एक वही घ्या. खण मोजा, घया मोजा, खांबांना खडूनं आकडे घाला, उंबरे किती ते लिहा, कोनाडे आणि खुंट्या मोजा. घरात कोण म्हातारं माणूस असेल त्याला विचारा की सोप्यात कोण उतरायचं, कुठल्या गावचं, आणि कोण उतरू शकत नसे. तेही लिहा. दोन तासांचं काम आहे. शुक्रवार पेठेतल्या त्या वाड्याचं मला करता आलं. तुमच्याचं तुम्हीच करा, मी सगळीकडं पोचू शकत नाही.